माणशी दोन बाटल्या

मी दारू पीत नाही. हे वाक्य गेल्या दोन महिन्यांत मी इतक्या लोकांना ऐकवलं आहे, की आता म्हणताना माझं मलाच खोटं वाटतं. पण खरं आहे ते. त्यात माझा काही मोठेपणा नाही. लहानपणी खोकल्याचं औषध दोन चमचे जास्त घेऊन मी जिन्यावरून पडलो होतो, तेव्हापासून असल्या गोष्टींपासून लांब राहिलो, इतकंच. तरीही आज कार्यालयात, इमारतीत आणि सासुरवाडीत माझी ओळख 'चार बाटल्यांवाले' अशी आहे. धाकट्या मेहुण्याच्या बायकोने तर आमच्या हिला फोनवर अगदी काळजीने विचारलं, "वन्सं, भाऊजींना रोज लागतं का हो?"

मी आवक-जावक विभागात काम करतो. कार्यालयात येणारं प्रत्येक पत्र आधी माझ्या टेबलावर उतरतं. मी ते फोडतो, शिक्का मारतो, क्रमांक टाकतो, वहीत चढवतो आणि ज्याचं त्याला पाठवतो. बाहेर जाणाऱ्या पत्राचंही तसंच. सव्वीस वर्षांत एक कागद माझ्या टेबलावरून नोंद न होता पुढे सरकलेला नाही. एकदा माझ्याच विरुद्ध निनावी तक्रार आली होती, की हे गृहस्थ शिक्का मारताना टेबल इतकं हादरवतात की शेजारच्याचा चहा सांडतो. तीही मी नोंदवून वर पाठवली. लोक हसले. हसोत बापडे. हसणाऱ्यांच्या वह्या बघा एकदा, म्हणजे कळेल.

तर यंदा आमच्या विभागप्रमुखाची जागा रिकामी झाली. माझ्या निवृत्तीला दीड वर्ष उरलेलं. मिळाली तर आत्ताच मिळणार, नाहीतर ज्या टेबलावर आलो त्याच टेबलावरून घरी जाणार. शर्यतीत दोघंच होतो. मी, आणि माझ्याहून अकरा वर्षांनी लहान असलेला एक सहकारी, ज्याला सगळे पाठीमागे 'गुळगुळीत' म्हणतात. कारण कुठलंही काम त्याच्या अंगाला चिकटत नाही. शिफारस करायची होती आमच्या मोठ्या साहेबांनी, आणि ती महिनाअखेरीला वर जायची होती. माझ्या मनात त्या जागेखेरीज दुसरं काही नव्हतं. कुणाच्या मनात काय असतं, कुणाच्या काय. माझ्या मनात एक काचेचं दार होतं आणि त्यामागचं टेबल.

नेमकं त्याच महिन्यात आम्ही सहलीला जायचं ठरलं. ठरलं म्हणजे हिने ठरवलं. लग्नाला पंचवीस वर्षं झाली तरी तिने समुद्र फक्त कॅलेंडरवर पाहिला होता, आणि दर महिन्याला ते कॅलेंडर बदलताना ती तसं बोलूनही दाखवायची. शेवटी मी आठ दिवसांची रजा टाकली आणि अर्ज घेऊन साहेबांकडे गेलो.

"विमानाने?" साहेब म्हणाले. "वा! मजा आहे तुमची." मग त्यांनी पेन उघडलं. "तिकडे ती एक मिळते म्हणतात. काळ्या खोक्यातली. सोनेरी बुचाची. इकडे कुठली मिळायला." त्यांनी सही केली, अर्ज माझ्याकडे सरकवला आणि म्हणाले, "बघा."

एवढंच. 'बघा.' आता माणूस 'आणा' म्हणाला तर त्याला 'नाही जमलं' म्हणता येतं. 'बघा' म्हणणाऱ्याला काय सांगणार? 'बघितलं' म्हणून चालत नाही. माझ्यासारख्याला ती पडत्या फळाची आज्ञाच. मी "हो साहेब, बघतो" म्हणालो आणि बाहेर आलो, तर गुळगुळीत पाणी पीत दाराशीच उभा. "तुम्हाला सांगितलं होय साहेबांनी? नशीबवान आहात," तो म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर खरोखरीची असूया होती. ती पाहून मला जे सुख झालं, त्याची शिक्षा मी अजून भोगतो आहे.

घरी येऊन हिला सांगितलं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. "म्हणजे आपण समुद्र बघायला चाललोय की साहेबांची बाटली आणायला?" एवढंच ती म्हणाली. मी म्हटलं, येताना दुकानातून उचलायची, पिशवीत टाकायची, त्यात काय एवढं. या 'त्यात काय एवढं'ने माझी आयुष्यात जेवढी वाट लावली आहे तेवढी शत्रूनेही लावली नसेल.

बातमी जिन्यातून खाली जायला एक दिवस पुरला. पहिले आले समोरच्या दारातले विमानकाका. हे गृहस्थ अकरा वर्षांपूर्वी एकदा विमानात बसले होते. तेव्हाच्या बॅगेला विमानतळावर बांधलेली चिठ्ठी त्यांनी अजून सोडलेली नाही, भाजी आणायलाही तीच बॅग नेतात. ते सोफ्यावर बसले आणि म्हणाले, "माणशी दोन बाटल्या. नियम आहे. तुम्ही दोघं, म्हणजे चार. एकच आणणार? तीन बाटल्यांचा हक्क वाया घालवणार?"

मी कधी हक्क वाया घालवण्याच्या दृष्टीने या गोष्टीकडे पाहिलंच नव्हतं. काकांनी एका बाटलीवर लगेच आपलं नाव घातलं. वर सल्ले दिले. बाटली मोठ्या बॅगेत टाकायची नाही, ते लोक बॅगा फेकतात. हातातल्या पिशवीत ठेवायची. मोज्यात घालायची, मोजा टॉवेलमध्ये, टॉवेल चादरीत. "आणि बूच वरच्या बाजूला. विमान उंच गेलं की आतली हवा फुगते. माझ्या डोळ्यांदेखत एकाचं बूच उडून हवाईसुंदरीला लागलं होतं." पुढे त्यांच्या बायकोकडून कळलं की विमानात काका सबंध वेळ डोळे मिटून बसले होते.

दुसरी मागणी मेहुण्याची. त्याने मागितली नाही, गृहीत धरली. "भाऊजी, माझी साधी चालेल," एवढंच म्हणून त्याने फोन ठेवला. तिसरी इमारतीच्या सचिवांची. आमच्या स्वयंपाकघराची भिंत दीड वर्ष ओली आहे. वरच्या मजल्यावरचा नळ गळतो. मी सचिवांना सात अर्ज दिले होते, सातांच्याही पोचा माझ्याकडे आहेत. भिंतीबद्दल ते कधी जिन्यातही बोलले नव्हते. त्या दिवशी आपण होऊन घरी आले, भिंतीवर हात ठेवला, "च्यक् च्यक् च्यक्" म्हणाले आणि जाता जाता विचारलं, "विमानाने जाताय म्हणे?" सात अर्जांनी जे झालं नाही ते एका बाटलीने होणार असेल, तर लेखी पत्रव्यवहारावरची माझी श्रद्धा कुठे ठेवायची ते तुम्हीच सांगा. पाचव्या बाटलीची मागणी दातांच्या डॉक्टरांची आली, ती मी तोंड उघडं असल्यामुळे ऐकून न ऐकल्यासारखी केली.

"चारातल्या दोन माझ्या नावावर?" ही म्हणाली. "माझ्या नावावर आजवर या घरात काही झालं नाही. रेशनकार्ड तुमच्या नावावर, फ्लॅट तुमच्या नावावर, टेलिफोन तुमच्या नावावर. आणि आता दारू तेवढी माझ्या नावावर?"

मी मोजे आणि टॉवेल शोधायला उठलो.

सहलीबद्दल मला फार सांगता येणार नाही, कारण मी ती फारशी पाहिली नाही. समुद्र होता. बराच मोठा होता. ही सकाळी उठून अनवाणी त्याच्याकडे जायची आणि दुपारी पायाला वाळू घेऊन यायची, आणि तिचा चेहरा असा दिसायचा की लग्नाच्या अल्बममधल्या मुलीची आठवण व्हावी. मी तोवर दुकानं हिंडत होतो. काळं खोकं सगळीकडे होतं, पण बूच चंदेरी. एका दुकानदाराने शपथेवर सांगितलं की सोनेरी बूच बंद झालं. दुसरा म्हणाला, सोनेरी बुचाची निळ्या खोक्यात येते. कार्यालयात फोन करून विचारावं म्हटलं, तर फोन गुळगुळीतने उचलला. "साहेब मीटिंगमध्ये आहेत, निरोप असेल तर सांगा," तो म्हणाला. मी काय निरोप सांगणार? 'बुचाचा रंग कळवा' असा?

आठ दिवसांतले तीन असे गेले. चौथ्या दिवशी हिने मला बाजारात एक दिवा दाखवला. शिंपल्यांचा होता, हातभर उंच. आत बल्ब लावला की भिंतीवर माशाच्या खवल्यांसारख्या सावल्या पडत. "हा घेऊ या?" ती म्हणाली. पंचवीस वर्षांत तिने दुकानात उभं राहून असं काही मागितल्याचं मला आठवत नाही. ती नेहमी किंमत विचारून पुढे जाते. मी मनातल्या मनात हातातल्या सामानाचं वजन केलं. चार बाटल्या, खोकी, मोजे, टॉवेल, चादर. "हातातून नेता येणार नाही गं," मी म्हणालो, "आणि मोठ्या बॅगेत फुटेल." ती बरं म्हणाली. दुकानदाराने दिवा बंद केला.

सोनेरी बूच शेवटी निघताना विमानतळावरच्या दुकानात सापडलं. काळं खोकं, सोनेरी बूच, काचेच्या कपाटात एकटीच बाटली. तिथे उभ्या उभ्या मला माझं काचेचं दार दिसलं. साहेबांची ती एक आणि बाकी तिघांच्या तीन सारख्या, अशा चार घेतल्या. दुकानातल्या बाईने त्या एका जाड पारदर्शक पिशवीत घातल्या, आत पावती ठेवली, पिशवीचं तोंड चिकटवलं आणि बोटाने पिशवीवरचा लाल मजकूर दाखवत म्हणाली, "घरी पोचेपर्यंत उघडायची नाही." मी मान हलवली. मला नियम सांगायची गरज नसते. मी स्वतःच चालताबोलता नियम आहे.

आमचा प्रवास दोन विमानांचा होता. मधल्या विमानतळावर चार तास बसायचं होतं. तिथे आम्ही बाकावर बसलो. ही खिडकीतून विमानं बघत होती, मी पिशवी बघत होतो. आणि बघता बघता माझ्या लक्षात आलं की चार बाटल्या आहेत, चार मालक आहेत, आणि एकाही बाटलीवर चिठ्ठी नाही.

तुम्ही म्हणाल, चिठ्ठी कशाला? सव्वीस वर्षं माझ्या टेबलावर बसून बघा, मग विचारा. चिठ्ठीशिवाय वस्तू हलली की चुकीच्या दारात जाते. माझ्या डोळ्यांपुढे स्पष्ट आलं, की घाईगर्दीत काळं खोकं सचिवांच्या हातात पडलंय आणि साहेबांपुढे मेहुण्याची 'साधी चालेल' उभी आहे. माझ्या खिशात डिंकाच्या चिठ्ठ्या कायम असतात. पिशवीबाहेरून चिकटवाव्यात तर कुठली कुणाची ते कसं कळणार? मी किल्लीने पिशवीचं तोंड अलगद उघडलं. "अहो, काय करताय?" ही म्हणाली. "उघडू नका म्हणाली होती ना ती?" मी म्हटलं, "उघडत नाहीये, फक्त नोंद करतोय."

चार चिठ्ठ्या लिहिल्या. 'मा. मोठे साहेब', 'मेहुणे', 'विमानकाका', 'सचिव (भिंत)'. व्यवस्थित चिकटवल्या. मग पिशवीचं तोंड जुळवून त्यावर चिकटपट्टी लावली, सरळ, एकही सुरकुती न पडता. आणि आमच्याकडे गोपनीय लिफाफा बंद केल्यावर करतात तशी त्या पट्टीवर आडवी सही केली, म्हणजे मधे कुणी उघडलं तर कळावं. खाली तारीख घातली. काम इतकं सुबक झालं होतं की मी ते हिला दाखवलंही.

दुसऱ्या विमानाकडे जाताना पुन्हा तपासणी होती. तिथे एक तरुण बाई उभी होती, आमची मुलगी असती तर तिच्याहून लहानच. तिने पिशवी उचलून फिरवली.

"हे कोणी उघडलं?"

"मी," मी म्हणालो. "वर सही आहे माझी."

तिने सहीकडे पाहिलं. मग माझ्याकडे. "काका, सील तुटलं की नेता येत नाही."

"सील तुटलेलं नाही. नवीन केलं आहे. पहिल्यापेक्षा पक्कं आहे, ओढून बघा."

तिने ओढून बघितलं नाही. आत काय मिसळलं असेल ते आम्हाला कसं कळणार, असं ती म्हणाली. मी म्हटलं, म्हणूनच तर सही केली. मागच्या रांगेतून कुणीतरी "आटपा हो" म्हणालं. माझ्या आयुष्यात माझ्या सहीवर कुणी अविश्वास दाखवला नव्हता. ज्या सहीने सव्वीस वर्षं पत्रं हललीत, ती चिकटपट्टीवर निरुपयोगी? मला संताप आला आणि संतापात मी नेहमी करतो तेच केलं. आणखी एका नियमावर बोट ठेवलं.

"इथे ठेवा आणि जा, विमान सुटेल," ती बिचारी म्हणत होती. तिथे कोपऱ्यात एक पिंप होतं. त्यात लोकांच्या पाण्याच्या, अत्तराच्या बाटल्या पडल्या होत्या. शहाणा माणूस चार बाटल्या त्यात सोडून, दोन शिव्या मनात देऊन पुढे गेला असता. मी म्हणालो, "पावती द्या."

"कसली?"

"जप्तीची. वस्तू घेता तर पोच द्यायला हवी."

बाईने वरिष्ठांना बोलावलं. वरिष्ठांनी त्यांच्या वरिष्ठांना विचारलं. अशी पावती म्हणे आजवर कुणी मागितली नव्हती. शेवटी एका कपाटाच्या तळातून पिवळ्या पडलेल्या फॉर्मांचा गठ्ठा निघाला. ही माझी बाही ओढत होती. "राहू दे हो. हात दाखवून अवलक्षण कशाला?" पण मला फॉर्म दिसला होता. फॉर्म दिसला की मला कसं थांबवणार?

नाव, पत्ता, व्यवसाय, कार्यालयाचा पत्ता. भराभर भरलं. वस्तूंचं वर्णन, संख्या, बुचाचा रंग. मग रकाना आला, 'वस्तू कोणाच्या वापरासाठी?' आणि खाली 'कारण'.

"स्वतःसाठी लिहा आणि चला," ही म्हणाली.

"स्वतःसाठी? मी पीत नाही."

"त्यांना काय माहीत तुम्ही पिता की नाही?"

"म्हणूनच तर! चार बाटल्या स्वतःसाठी असं माझ्या अक्षरात कायमचं लिहून ठेवू? दप्तरात राहील ते."

आणि मी लिहिलं. पहिल्या ओळीत 'आमचे मोठे साहेब'. 'कारण' या रकान्यात 'साहेबांच्या तोंडी सूचनेवरून'. साहेबांचं पद, कार्यालयाचं पूर्ण नाव, फोन. बाकी तिघांचीही नोंद केली. सचिवांच्या पुढे भिंतीचा थोडक्यात इतिहास लिहिला. आता कळतं की तो मी लिहायला नको होता, पण जागा होती.

पोच घेऊन धावलो, विमान मिळालं. दाराजवळ शेवटचे आम्हीच. खुर्चीत बसल्यावर बऱ्याच वेळाने ही खिडकीकडे तोंड करून म्हणाली, "दिवा मावला असता आता." माझ्या मांडीवर टॉवेल, चादर आणि मोज्यांचे चार जोड होते. तेलही गेलं, तूपही गेलं, एवढं तरी म्हणायला माणसाला मोकळं वाटतं. मला तेवढंही वाटेना, कारण यात तूप होतं ते तिचं होतं.

परतल्यावर काय झालं ते आटोपशीर सांगतो. विमानकाकांनी गोष्ट शांतपणे ऐकून घेतली आणि "चारही?" एवढंच विचारलं. संध्याकाळपर्यंत इमारतीत झालं, की आम्ही बाटल्या मधल्या विमानतळावर बसून संपवल्या, मला दोघांनी धरून विमानात चढवलं आणि ही रडत होती. मेहुण्याने फोन बंद केला. सचिवांनी भिंतीवर हात न ठेवता कळवलं की ओल आमच्याच बाजूची आहे. मी पोच दाखवत फिरलो, तर लोक पोच वाचून हसत. खरं बोलणाऱ्याजवळ पुरावा असला की लोकांना जास्तच संशय येतो, हे मला या वयात कळलं.

सोमवारी साहेबांकडे गेलो. त्यांनी आधी माझ्या हातांकडे पाहिलं, मग दाराकडे, बाहेर काही ठेवलंय का म्हणून. मी सगळं सांगितलं. फक्त फॉर्मचं सांगितलं नाही. "अरेरे," साहेब म्हणाले, "त्यात काय एवढं. मी आपलं सहज म्हणालो होतो." आवाजात राग नव्हता. मला हायसं वाटलं. शिफारस अजून गेली नव्हती, महिनाअखेरीला बारा दिवस होते. "तुमचं ज्येष्ठपण आहेच की," असंही ते म्हणाले. ते वाक्य मी घरी जाईपर्यंत मनात दोनशे वेळा म्हटलं.

नवव्या दिवशी डाक आली. नेहमीप्रमाणे गठ्ठा सोडला. सातवा लिफाफा त्या विमानतळाचा होता.

फार सभ्य पत्र होतं. 'आपल्या कर्मचाऱ्याच्या लेखी निवेदनानुसार जप्त बाटल्या आपल्या कार्यालयाच्या मोठ्या साहेबांच्या सूचनेवरून आणल्या जात होत्या. सदर वस्तू कार्यालयीन कामासाठी होत्या काय, याची लेखी खात्री केल्यास त्या परत करण्याचा विचार करता येईल.' सोबत माझ्या फॉर्मची प्रत. माझं अक्षर छापल्यासारखं स्वच्छ.

समोर गुळगुळीत फोनवर हसत होता. माझ्या उजवीकडे शिक्का होता, डावीकडे टोपली, पायाशी खण. कोणी पाहत नव्हतं. एक कागद. असल्या पत्राचं स्मरणपत्रही कुणी पाठवत नाही, हे मला माहीत होतं. तीन आठवडे खणात राहिलं असतं तर मी काचेच्या दारामागे गेलो असतो आणि मग ते दाराआडच फाडलं असतं.

पुढे काय झालं त्याबद्दल कार्यालयात दोन मतं आहेत. काही म्हणतात मी तत्त्वाचा माणूस, काही म्हणतात मी मूर्ख. दोन्ही चूक. मी विचार करत होतो, खरोखर खणाचाच विचार करत होतो, आणि तेवढ्यात माझ्या हाताने शिक्का मारला. टेबल हादरलं. शेजारच्याचा चहा सांडला. हाताला सव्वीस वर्षं कुणी विचारलं नव्हतं, त्याही दिवशी नाही. शिक्का बसला की क्रमांक पडतो, क्रमांक पडला की वहीत चढतं, वहीत चढलं की ते साहेबांकडे जातं.

मी स्वतःच नेऊन दिलं. साहेबांनी पत्र वाचलं, फॉर्म वाचला, भिंतीचा इतिहासही वाचला. चष्मा काढून पुसला.

"नोंदवलंत?"

"हो साहेब."

"अर्थातच," ते म्हणाले. "म्हणजे आता उत्तर द्यावं लागणार. जाऊ दे. बसा. लिहून घ्या."

मी बसलो. त्यांनी मुद्दे सांगितले. या कार्यालयातल्या कुणीही अशी सूचना दिलेली नाही. या माणसाने साहेबांचं नाव खोटं वापरलं. त्याच्यावर कारवाई झाली आहे. "काय कारवाई म्हणावं?" त्यांनी मलाच विचारलं. "विभागप्रमुखाच्या जागेसाठी आता तुमचं नाव पाठवणं तर शक्य नाही, ते तुम्हालाही कळतंय. तेच लिहा. म्हणजे वेगळी कारवाई नको. तुमच्याच भल्याचं आहे." मग आवाज मऊ करून म्हणाले, "गुळगुळीतला सांगितलं असतं, पण त्याला धड दोन ओळी लिहिता येत नाहीत. तुम्हीच करा."

माझ्या टेबलावर येऊन मी मसुदा केला. 'खोटं वापरलं' हे मला बरोबर वाटेना. मी लिहिलं, 'सदर कर्मचाऱ्याचे निवेदन वस्तुस्थितीशी विसंगत आहे.' 'कारवाई झाली आहे' याऐवजी 'सदर कर्मचाऱ्याचे नाव पदोन्नतीच्या विचारातून वगळण्यात आले असून त्यास समज देण्यात आली आहे' असं केलं. एक वाक्य लांबत होतं, ते तोडून दोन केली. शेवटी 'आपण दाखवलेल्या तत्परतेबद्दल आभार' घातले. मग सगळं पुन्हा एकदा सुवाच्य उतरवून काढलं.

साहेबांनी ते सावकाश वाचलं. दुसऱ्यांदा वाचलं. मी समोर उभा होतो.

"वा," ते म्हणाले. "एक शब्द इकडचा तिकडे करायला नको. खरं सांगतो, असं पत्र या कार्यालयात दुसऱ्या कुणालाही लिहिता येणार नाही."

सव्वीस वर्षांत त्यांनी काय किंवा त्यांच्या आधीच्या साहेबांनी काय, माझ्या कामाबद्दल तोंडावर असं कधी म्हटलं नव्हतं. मला बरं वाटलं. सांगायची लाज वाटते, पण फार बरं वाटलं. मी पत्राला जावक क्रमांक टाकला, लिफाफा बंद केला आणि घरी निघालो, तर पावलं हलकी पडत होती.

ही दार उघडायला आली तेव्हा चपला काढायच्या आधीच मी म्हणालो, "साहेब आज माझ्यावर खूष झाले. म्हणाले, असं पत्र दुसऱ्या कुणाला लिहिता येणार नाही."

तिचा चेहरा उजळला. "हो? मग झालं वाटतं तुमचं काम! कसलं पत्र होतं?"

"कार्यालयीन होतं," मी म्हणालो आणि हातपाय धुवायला गेलो.